हिवाळ्याची चुंबळ



डिसेंबर लागला की शहरातल्या दुकानांबाहेर प्लॅस्टिकची हिरवी गोल चक्रं टांगलेली दिसतात. लाल मणी, चमचमती फीत आणि मधे भोक. शहरात जाऊन आलेली मुलं वर्गात विचारतात, “मॅडम, ते गोल गोल काय असतं?” इंग्रजीत त्याला ‘रीथ’ म्हणतात. मराठीत पुष्पचक्र हा शब्द आहे. पण आपल्या जिल्ह्यात पुष्पचक्र म्हटलं की नंदुरबारचं हुतात्मा स्मारक डोळ्यांसमोर येतं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथे शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार गोळीबारात शहीद झाले. तो शब्द तिथेच शोभतो. घराच्या भिंतीसाठी मला आपल्या अम्मी-नानींच्या रोजच्या वापरातला शब्द बरा वाटतो : चुंबळ. हंडा डोक्यावर घेण्याआधी कापडाची किंवा गवताची पिळून जी गोल गादी करतात, ती. रीथचा सांगाडा म्हणजे दुसरं काही नाही, थोडी मोठी चुंबळच.

या महिन्यात आपण हिवाळ्याची चुंबळ करू या. बाजारातलं प्लॅस्टिक न आणता, परसातलं आणि बांधावरचं साहित्य घेऊन. कळसाडीच्या आसपास या दिवसांत इतकं काही वाळून, पिकून, रंगून उभं असतं की खर्च लागलाच तर सुतळीचा. मात्र हात लावण्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : कोणती वस्तू कुणाची आहे, आणि कोणती वस्तू घरात आणण्याजोगी नाही.

गोल गुंफण्याची रीत कुणा एकाची नाही

कुणी म्हणेल, हा तर नाताळचा प्रकार. पानाफुलांचं वेटोळं करून मान देण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपियाच्या खेळांत जिंकणाऱ्याला सोन्याचं पदक नव्हे, रानजैतुनाच्या डहाळीचा गोल मुकुट मिळत असे. २००४ साली अथेन्समध्ये ऑलिंपिक झालं, तेव्हा विजेत्यांच्या डोक्यावर पुन्हा जैतुनाचे मुकुट ठेवले गेले. गोव्यात २४ जूनला सांजांवच्या दिवशी लोक वेली, पानं, फुलं गुंफून मुकुट घालतात, त्याला ‘कोपेल’ म्हणतात. आणि आपल्या निकाहातला फुलांचा सेहरा? तोही याच घराण्यातला. सेहऱ्याची आपल्याला इतकी आवड की त्यावर शायरीचा एक प्रकारच उभा राहिला. १८५२ साली दिल्लीत बहादुरशाह जफर यांचे शहजादे जवां बख्त यांचा निकाह झाला, तेव्हा गालिब आणि जौक या दोघांनीही सेहरे लिहिले आणि त्यांची चुरस आजही उर्दूच्या वर्गात सांगितली जाते.

नाताळच्या चक्रातल्या एका प्रकारामागची गोष्ट मला शिक्षिका म्हणून आवडते. १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाद्री गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवत. मुलं रोज विचारत, सण किती दिवसांवर आला? त्यांनी बैलगाडीच्या चाकासारखं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, रविवारी मोठी. मुलं मेणबत्त्या मोजून दिवस मोजू लागली. थोडक्यात, ते चाक गणिताचं साधन होतं. हिरवी पानं त्यावर नंतर आली.

सांगाडा : पाचटाचा किंवा घाणेरीचा

सगळ्यात सोपा सांगाडा उसाच्या पाचटाचा. तोड झालेल्या फडात पाचट पडलेलं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते जाळूनच टाकतात. मालकाला विचारून एक कवळी आणा. उसाच्या पानाची कड हात कापते, म्हणून जुनी ओढणी हाताला गुंडाळा. पाचटावर थोडं पाणी शिंपडून तासभर ठेवा, म्हणजे ते मोडणार नाही. मग मनगटाएवढी जाड वळकटी करून ती पिळत पिळत सुतळीने आवळत न्या. वळकटी दोन हात लांब झाली की टोकं एकमेकांवर चार बोटं चढवून बांधा.

आता मुलांना विचारा, या चुंबळीचा व्यास किती येईल? दोन हात म्हणजे साधारण ३६ इंच. त्यातले ३ इंच टोकं चढवण्यात गेले, राहिले ३३. त्याला ३.१४ ने भागा, उत्तर साडेदहा इंच. पट्टी लावून ताडून पाहा. सातवी-आठवीतल्या मुलांना परीघ आणि व्यास फळ्यापेक्षा इथे लवकर कळतो.

दुसरा सांगाडा घाणेरीचा. काही जण तिला टणटणी म्हणतात. लाल-पिवळ्या बारीक फुलांचं हे झुडूप मूळचं अमेरिका खंडातलं, आणि आज ते आपल्या देशातल्या जंगलांत इतकं माजलं आहे की गवताला आणि रोपांना जागा उरत नाही. ते कितीही तोडलं तरी नुकसान कुणाचं नाही. कर्नाटकातल्या मलई महादेश्वर डोंगरात सोलिगा आदिवासी घाणेरीच्या फांद्या उकळून, साल काढून खुर्च्या-टेबलं बनवतात. निलगिरीच्या भागातल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीपासून जिवंत हत्तींएवढे हत्ती घडवले आणि २०२१ साली ते लंडनच्या बागांत उभे राहिले.

आपल्याला हत्ती करायचा नाही. करंगळीएवढ्या जाड, लांब, ओल्या फांद्या घ्या. पानं आणि फळं तिथेच झटकून टाका. ती घरी आणू नका, कारण शेळीने खाल्ली तर तिला बाधतात, आणि बी परसात पडलं तर पुढच्या वर्षी घाणेरी तुमच्या दारात उगवते. फांद्या जुन्या डब्यात तासभर उकळा, साल ओढून काढा आणि गरम असतानाच गोल वाकवा. तीन-चार फांद्या एकमेकींत गुंतवल्या की खिळा लागत नाही की तार लागत नाही.

बांधायला केळीचं सोपट घ्या. आपल्याकडे केळीच्या बागा आहेत, वाळलेलं सोपट मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. दहा मिनिटं पाण्यात भिजवून उभे पट्टे फाडले की दोरा तयार. फुलवाले हार बांधायला हेच वापरतात.

भरण : काय घ्यावं

कापसाच्या वेचणीनंतर पऱ्हाटीवर जी रिकामी टरफलं राहतात, ती चार-पाच पाकळ्यांच्या लाकडी फुलासारखी दिसतात. देठासकट कापून घ्या. एक काळजी मात्र घ्या. पूर्ण उमललेली, रिकामी टरफलंच घ्या. अर्धवट उघडलेलं किंवा कवडी कापसाचं बोंड घरात आणू नका. गुलाबी बोंडअळी अशाच राहिलेल्या बोंडांत आणि सरकीत दडून हंगाम ओलांडते. म्हणूनच तर फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या वेळेवर काढा, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. आपण हौसेने किडकी बोंडं भिंतीवर टांगली तर शेजारच्या शेताला पुढच्या वर्षाचं दुखणं दिलं असं होईल. टरफलंसुद्धा दोन-तीन दिवस कडक उन्हात घालून मगच वापरा.

याखेरीज तुरीच्या वाळलेल्या शेंगा, बांधावरचं तुऱ्याचं गवत, अंबाडीची बोंडं, निलगिरीची पानं, परसातला झेंडू. झेंडू वाळवताना देठ वर आणि फूल खाली असं सावलीत टांगा, रंग टिकतो. तोरणमाळ आणि डाबकडे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, पण खाली आपल्याकडे दिवसा ऊन आणि कोरडी हवा असते. फुलं वाळवायला याहून चांगला महिना नाही.

सातपुड्यात मालकांगोणीचा वेल असतो. हिवाळ्यात त्याची पिवळी फळं उकलतात आणि आतून शेंदरी दाणे दिसतात. याच कुळातल्या वेलींच्या फळांचे घोस अमेरिकेत अशा चक्रांसाठी फार वापरले जातात. तिथे त्याचा एक धडाही मिळाला. आशियातून नेलेली त्या कुळातली एक वेल शोभेसाठी लावली, तिची चक्रं नंतर उकिरड्यावर टाकली, पाखरांनी दाणे खाऊन बी रानभर पसरवलं आणि आता ती वेल तिथली झाडं गुदमरवते. आपली मालकांगोणी इथलीच आहे, तिचा तो धोका नाही. उलट ती औषधी असल्याने लोक तिला ओरबाडतात. रस्त्यात दिसली तर डोळ्यांनी पाहा, तोडू नका.

हे कुणाचं आहे?

आता मुख्य गोष्ट. मागच्या हिवाळ्यात वर्गात चुंबळी करायला घेतल्या तेव्हा एका मुलाने ज्वारीच्या कणसांची मोठी जुडी आणली. दाणेदार, टपोरी कणसं, मुलं खूश. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, एवढ्यात आमच्या दोन दिवसांच्या भाकरी होतात.” तिची आई काढणीनंतर शेतात सरवा वेचायला जाते. वर्ग गप्प झाला. त्या मुलाने जुडी उचलली आणि न बोलता तिच्या दप्तराशेजारी ठेवली. तिने ती घेतली, लाजत, पण घेतली.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते : पीक निघाल्यावर शेतात जी कणसं, शेंगा, दाणे राहून जातात ते वेचणं म्हणजे सरवा. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्या घरात त्यातून आठ-पंधरा दिवसांचं धान्य येतं. मालक ते मोजत नाही आणि वेचणारी मागत नाही. कागदावर कुठेही न लिहिलेला तो हक्क आहे. आपल्याला वाटतं, शेतात पडलेलं आहे, कुणाचंच नाही. पण पडलेलं बहुधा कुणाचं तरी असतं. म्हणून माझ्या वर्गात तेव्हापासून नियम झाला : भिंतीवर टांगायला रिकामं घ्यायचं, दाण्याचं घ्यायचं नाही. टरफल, पाचट, सोपट, तुरा चालेल. कणीस हवंच असेल तर घरच्या पोत्यातलं, आणि त्याचा शेवट कुठे व्हायचा ते पुढे सांगते.

रानाचंही तसंच. जंगलातलं साहित्य बेवारस नाही. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावरचा हक्क तिथल्या ग्रामसभेचा आणि तिथे राहणाऱ्या कुटुंबांचा मानला आहे. डोंगरातल्या बाया डिंक, मोह, टेंभुर्णीची पानं विकून घर चालवतात. सहलीला जाऊन आपण पिशव्या भरून आणणं बरोबर नाही. विचारावं, थोडं घ्यावं, आणि काही विकत मिळत असेल तर घासाघीस न करता घ्यावं. हक्कुल-इबाद हा शब्द आपण वाझमध्ये ऐकतो. तो बांधावरही लागू होतो.

काय घरात आणू नये

मुलं सुंदर दिसेल ते उचलतात. म्हणून ही यादी कात्री हातात देण्याआधी वाचून दाखवा.

गुंज : लाल बी, त्यावर काळा ठिपका. सोनार पूर्वी वजनाला वापरत. दिसायला देखणी, पण बी फुटली, चावली गेली तर आतलं विष जीव घेऊ शकतं. ओवण्यासाठी सुईने भोक पाडणं म्हणजे तिचं कठीण कवच आपणच फोडणं. २०११ साली इंग्लंडमध्ये गुंजांची कंकणं विक्रीनंतर परत मागवावी लागली होती. एखाद्या मुलाने गुंज खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी थेट दवाखाना गाठा, एक बी सोबत न्या. घरी मीठपाणी पाजून उलटी करवू नका. मूल लगेच ठीक दिसलं तरी थांबू नका, या विषाची लक्षणं उशिरा दिसतात.

एरंड : काटेरी बोंडांचे लालसर घोस मोह घालतात, आतल्या बिया विषारी.

कण्हेर, पिवळी असो की लाल : पान, फूल, फळ, सगळंच विषारी. तिची काडी चुलीतही घालू नये.

धोतरा : काटेरी गोल फळ शोभिवंत दिसतं, बिया घातक.

रुई : तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

गाजर गवत : पांढरी बारीक फुलं भरणीला छान वाटतात, पण अंगाला खाज, पुरळ आणि दम्याचा त्रास होतो.

ज्या पानाचं नाव घरातल्या कुणालाच सांगता येत नाही, ते बांधावरच राहू द्या.

नंदुरबारची खास : मिरचीची चुंबळ

हा प्रकार मला सर्वांत आवडतो, कारण यात काहीच वाया जात नाही. आपल्या नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी सगळ्यांनी पाहिल्या आहेत. लाल गालिचा अंथरल्यासारखं मैदान आणि वाऱ्यासोबत येणारी ठसका लावणारी झाक. अमेरिकेत न्यू मेक्सिको नावाचं राज्य आहे, तिथेही मिरची हीच ओळख. तिथले लोक सुगीला लाल मिरच्यांच्या लांब माळा आणि गोल चक्रं करून घराबाहेर वाळत टांगतात. माळेला ते ‘रिस्त्रा’ म्हणतात. हिवाळाभर घर सजतं आणि लागेल तशी मिरची तोडून स्वयंपाकात जाते.

करायची कशी? पूर्ण लाल झालेली, डाग नसलेली, देठासकट ओली मिरची साधारण अर्धा किलो घ्या. मिरचीला सुई टोचू नका. टोचलेल्या जागी ओल धरते आणि बुरशी येते. तीन-तीन मिरच्यांचे देठ एकत्र दोऱ्याने आवळा, मग ते झुबके सांगाड्यावर एकाला एक लावून बांधा. झुबक्यांच्या मागून हवा खेळली पाहिजे, म्हणून इथे पाचटाचा नव्हे, घाणेरीचा उघडा सांगाडा घ्या. पहिले काही दिवस दिवसा उन्हात टांगा आणि दव पडायच्या आत घरात घ्या. मिरची हलवल्यावर आत बी खुळखुळलं की वाळली. काळी-पांढरी बुरशी दिसलेली मिरची फेकाच, धुऊन वापरू नका. काम झाल्यावर हाताला आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा, आणि तोवर लहान बाळाला उचलू नका, डोळ्यांना हात लावू नका.

दारावर मिरच्या टांगल्या म्हणजे नजर उतरवण्याचा टोटका, असं कुणी पाहुणा समजेल ही शंका काही भगिनींना येईल. रास्त आहे. आपला तो हेतू नाही आणि तसा विश्वासही नाही. तेव्हा ही चुंबळ दारावर न टांगता स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीशेजारी टांगा. तिथे ती शोभेचीही आणि साठवणीचीही. मुलगी सासरी असेल, बहीण पुण्या-मुंबईला असेल, तर मिठाईच्या डब्यासोबत ही पाठवा. प्लॅस्टिकचं चक्र धूळ खाईल, ही सालनात उतरेल.

उतरवायची वेळ

हौसेची वस्तू कधी काढायची हे ठरलेलं नसेल तर तिचा कचरा होतो. आपली चुंबळ उन्हाळा लागला की उतरवा. पाचट, सोपट आणि टरफलं परसातल्या खतखड्ड्यात जातील, सुतळीसुद्धा कुजेल. म्हणूनच तार, गोंद, चमकी, फवाऱ्याचा सोनेरी रंग यांतलं काही लावू नका. तेवढ्याने अख्खी वस्तू कचरा होऊन बसते.

आणि ते घरच्या पोत्यातलं कणीस? नॉर्वेमध्ये थंडीत ओटच्या लोंब्यांची पेंढी खांबाला बांधून अंगणात उभी करतात, पाखरांसाठी. तिकडे बर्फात त्यांना दाणा मिळत नाही. आपल्याकडे उलट आहे, आपल्या पाखरांचे कठीण दिवस उन्हाळ्यात येतात, रान उघडं पडल्यावर. म्हणून ज्वारी-बाजरीची दोन-चार कणसं लावलेली छोटी चुंबळ मार्चपर्यंत भिंतीवर ठेवा आणि मग बाहेर लिंबाच्या फांदीला, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगा. शेजारी मातीच्या परळात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. आपण लावलेल्यातलं पाखरानं खाल्लं तर तोही सदका, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते ऐकलेलं मुलांना डोळ्यांनी पाहू द्या.

वर्गातल्या त्या मुलीने केलेली चुंबळ साधी होती. पाचटाचा सांगाडा, सात टरफलं, एक वाळलेला झेंडू. तिने ती शाळेत ठेवली नाही, घरी नेली. दुसऱ्या दिवशी विचारलं, कुठे टांगलीस? म्हणाली, “टांगली नाही, मॅडम. अम्मीनं फुलं काढून ठेवली आणि चुंबळ डोक्यावर घेतली, पाण्याला जाताना. म्हणाली, चांगली बसते.”

मोजमापात तिला मी पूर्ण गुण दिले. दोन हातांची चुंबळ आईच्या डोक्याला मोठी होईल, हे ओळखून तिने आधीच ती लहान केली होती.